सालीतली बरकत

आम्ही बागवान. जालन्याच्या मोसंबीवर आमच्या घरच्या तीन पिढ्या जगल्या. वस्तू वाया घालवण्याला आमच्या घरात एकच शब्द होता, इस्राफ. उधळपट्टी असा त्याचा अर्थ कोशात मिळेल. पण अब्बांच्या तोंडी तो शब्द आला की त्यात गुन्ह्याची छटा असे. वजू करताना नळ सोडून ठेवला तरी इस्राफ, ताटात घास टाकला तरी इस्राफ. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी जपून वापरा, ही शिकवण त्यांनी मशिदीतून घरी आणली होती आणि धंद्यातही लावली होती. पहिल्या प्रतीची मोसंबी दूरच्या बाजारात जाई, दुसऱ्या प्रतीची गावात, डागी माल रसवाल्यांकडे. रसवाल्यांकडून परत येणारी साल आणि चोथा गल्लीतल्या शेळ्यांना. शेळ्या बहुतेक विधवा बायांच्या होत्या. पोरांनी सालीचं पोतं उकिरड्याकडे नेलं की अब्बा ओरडत, "फेंको मत रे, किसी का रिजक है."

तेव्हा माल वेताच्या आणि बांबूच्या करंड्यांतून जाई, खाली पेंढा अंथरलेला असे. पुढे प्लास्टिकचे क्रेट आले, गिऱ्हाइकाच्या हातात पातळ पिशवी आली. क्रेटचं एक बरं, तो वर्षानुवर्षं टिकतो. पिशवीचं आयुष्य मात्र दुकानापासून घरापर्यंत, आणि त्यानंतर कुंडलिकेच्या पात्रात अनेक दशकं. साल खाणारी शेळी सालीबरोबर पिशवीही गिळू लागली. रिजक आणि जहर एकाच पोत्यात, अशी वेळ आली.

महाराष्ट्र सरकारने 2018 मध्ये पिशव्या, थर्माकोल आणि एकदा वापरून फेकायच्या ताटल्या-पेल्यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून देशभर अशा बऱ्याच वस्तूंवर बंदी आली. काही दिवस कापडी पिशव्या दिसल्या, मग सगळं पूर्ववत. बंदी वस्तूवर घालता येते, गरजेवर नाही. पावसाळ्यात ओली भाजी, मटण, दही कशातून न्यायचं, याचं उत्तर हुकुमात नसतं.

हे सगळं पुन्हा मनात येण्याचं कारण माझी भाची. ती मायक्रोबायॉलॉजी शिकते. एका संध्याकाळी ती म्हणाली, "मामू, प्लास्टिक बनवणारे जंतू असतात." मला वाटलं, चेष्टा करते आहे. तिने मला समजेल असं उदाहरण दिलं. दुंबा पाहिलाय ना? चारा भरपूर असतो तेव्हा तो शेपटीत चरबी साठवतो आणि दुष्काळात तिच्यावर जगतो. काही जंतूंचंही तसंच. त्यांना साखर भरपूर मिळाली, पण नत्र किंवा स्फुरद कमी पडलं, तर वाढ थांबते. मग ते जास्तीच्या साखरेचे बारीक दाणे करून पोटात साठवतात. त्या दाण्यांना पीएचबी म्हणतात. चांगल्या जातीच्या जंतूत सुक्या वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंत हे दाणे भरतात. जंतू फोडून ते बाहेर काढले, धुऊन वाळवले की झालं प्लास्टिक. तापवलं की वितळतं, साच्यात घालता येतं. आणि मातीत टाकलं की दुसरे जंतू तेच अन्न म्हणून खातात. मागे पाणी आणि हवेत जाणारा वायू, एवढंच उरतं.

ही गोष्ट नवी नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मॉरिस लेमॉइन्य यांनी 1926 मध्येच जंतूंच्या पोटातला हा पदार्थ ओळखला होता. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने 1980 च्या दशकात त्याचं उत्पादन सुरू केलं, नाव ठेवलं बायोपॉल. नुसतं पीएचबी ठिसूळ असतं, म्हणून जंतूंच्या आहारात थोडा बदल करून त्यांनी लवचीक प्रकार तयार केला. 1990 मध्ये जर्मनीत शांपूच्या बाटल्या त्यातून निघाल्या. पण एक किलो दाण्यांसाठी सुमारे तीन किलो साखर लागते, शिवाय जंतू वाढवण्याचा आणि फोडण्याचा खर्च वेगळा. तेलापासून होणारं प्लास्टिक कितीतरी स्वस्त पडे. धंदा हातोहात फिरला आणि 1996 मध्ये मोन्सँटोकडे गेला. पुढे तिनेही तो 2001 मध्ये विकून टाकला.

मोन्सँटोचं नाव जालनेकराला परकं नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव झालं. 1998 मध्ये मोन्सँटोने महिकोत भागीदारी घेतली. ज्या कंपनीकडे तेव्हा जंतूंचं प्लास्टिक होतं, तीच कंपनी आमच्या गावात आली ती कपाशीचं बियाणं घेऊन. मला या योगायोगाचं राहून राहून नवल वाटतं.

आता प्रश्न साखरेचा. साखर विकत घेऊन जंतूंना चारली तर हिशेब बसत नाही. म्हणून जगभर कारखान्यांच्या उरल्यासुरल्या मालावर प्रयोग चालले आहेत : साखर कारखान्याची मळी, पनीर काढल्यावर राहिलेलं पाणी, बटाट्याची सालं, भाताचा कोंडा, तळणीचं तेल, फळांचा चोथा. ब्राझीलमध्ये तर साखर कारखान्यालाच जोडून पीएचबी करून पाहिलं गेलं. उसाची चिपाडं जाळून मिळणारी वाफही तिथे फुकट होती. महाराष्ट्रात पुण्याच्या प्राज कंपनीने ऑक्टोबर 2024 मध्ये जेजुरीला जैव प्लास्टिकचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथलं प्लास्टिक वेगळं, पीएलए. त्यात जंतू साखरेपासून दह्यातलं आम्ल तयार करतात आणि त्याची साखळी पुढे यंत्रात जोडली जाते.

भाचीने इथे मला थांबवलं. म्हणाली, "मामू, दोन्हींत फरक आहे. पीएचबी साध्या मातीत कुजतं. पीएलएला साठ अंशांच्या आसपास गरम, ओलं कंपोस्ट लागतं." म्हणजे जालन्याचा मे महिना कितीही तापला तरी रस्त्यावरची पीएलएची पिशवी लवकर कुजणार नाही. पाकिटावर हिरवं पान छापलं म्हणून वस्तू मातीची होत नाही.

आमच्या जिल्ह्यात अंबड-घनसावंगी पट्ट्यात ऊस आहे, अंकुशनगरला कारखाना आहे, आणि मोसंबी तर भौगोलिक मानांकन मिळवलेली. तेव्हा माझ्या डोक्यात लगेच मोसंबीच्या सालीचं प्लास्टिक आलं. भाचीने त्यातली अडचणही सांगितली. सालीतलं सुगंधी तेल, ज्याने हाताला वास येतो, तेच जंतूंना मारतं. ते आधी काढावं लागतं. तेल वेगळं विकता येतं, हे त्यातल्या त्यात बरं.

पण माझी अडचण वेगळी होती. कागदावर ज्याला उपपदार्थ म्हणतात, टाकाऊ म्हणतात, ते आमच्या गल्लीत टाकाऊ नव्हतंच. साल शेळीची होती, शेळी एखाद्या खालाची होती, आणि तिच्या दुधावर, बोकडावर तिच्या पोरांच्या शाळेची फी निघत होती. उद्या कारखान्याने सालीला भाव दिला तर व्यापारी ती शेळीपुढे कशाला टाकील? दुसरं, आमच्या वस्तीतली कितीतरी घरं भंगारावर चालतात. बाया दिवसभर बसून बाटल्या वेगळ्या, पिशव्या वेगळ्या, टोपणं वेगळी करतात. कुजणाऱ्या प्लास्टिकला भंगारात भाव नाही. उलट पीएलएची बाटली नेहमीच्या बाटल्यांत मिसळली तर सगळा माल खराब होतो. दिसायला दोन्ही सारख्याच. ओळखायचं कुणी, आणि माल परत आला तर मार खायचा कुणी?

म्हणून हे तंत्र नको, असं मी म्हणत नाही. नदीची दशा पाहिलेला माणूस ते म्हणणार नाही. रस्त्यातला काटा बाजूला करणं हाही सदका मानणारी आपण माणसं. नदीतली पिशवी काट्यापेक्षा लहान नाही. पण सुरुवात कुठून करायची हे ठरवावं लागेल. शेळी जे तोंडात धरत नाही त्यापासून करावी. बहारात गळून शिवारात सडणारी फळं असतात, भाव पडला की बांधावर ओतलेली मोसंबी असते. ते खरं वाया जातं. आणि कुजणारं प्लास्टिक बाजारात आणायचंच तर ते वेगळ्या रंगाचं, वेगळ्या खुणेचं असावं, म्हणजे माल निवडणाऱ्या बाईला ते हाताशी येताच कळेल. असे नियम लिहिताना तिला कुणी विचारलं तर ती कोणत्याही तज्ज्ञाइतकंच नेमकं सांगेल.

आमच्या मोहल्ल्यापुरतं बोलायचं तर रमजानमध्ये सरबतासाठी स्टीलचे पेले घ्यावेत, असं मी मशिदीच्या कमिटीला सुचवलं. धुणार कोण, यावर दोन जुम्मे चर्चा झाली. शेवटी तरुण पोरं पुढे आली. जंतूंच्या प्लास्टिकपेक्षा हे काम फार लहान आहे, पण ते आजच करता येतं.

भाचीने मोसंबीच्या झाडाखालची माती नेऊन कॉलेजच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवले, त्यांना सुदान ब्लॅक नावाचा रंग दिला. सूक्ष्मदर्शकातला फोटो तिने मला मोबाइलवर दाखवला. गुलाबी जंतूंच्या पोटात काळे ठिपके. तेच दाणे. आमच्याच मातीत हे कसब इतकी वर्षं पडून होतं आणि आम्ही वर फक्त फळ मोजत होतो.

आता तिला एम. एस्सी. करायची आहे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरला, पूर्वीच्या औरंगाबादला, रोज जावं-यावं लागेल. घरात कुरबुर झाली. मुलगी एकटी, गाडीला गर्दी, परतायला अंधार. तिचे आणलेले रिश्तेही मध्येच डोकावले. मी आपाला एवढंच म्हणालो, "अब्बा सालही वाया जाऊ देत नव्हते. या पोरीची अक्कल वाया घालवणं हा केवढा इस्राफ!" आपा काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून पैसे काढून माझ्या हातावर ठेवले आणि स्टेशनवर पाठवलं. महिन्याचा पास मीच काढून आणला.