आयोजक नसलेली रात्र

चार माणसं जमली की नोंदवही हवी, अशा मताची मी. पुण्यात बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडला, स्वयंसेवक म्हणून उभी राहायला लागले आणि हे मत आणखी पक्कं झालं. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. अंधारात चमकणारं जॅकेट, पुढे-मागे दिवे, डोक्यावर हेल्मेट, ब्रेवे कार्डावर शिक्का. पहाटे चार वाजता हायवेवरच्या ढाब्यावर टेबल टाकून बसायचं, आलेल्यांच्या कार्डावर सही करायची, न आलेल्यांना फोन लावायचे. यादीतला प्रत्येक जण घरी पोहोचला की नाही, हे कोणीतरी बघत होतं. त्या बघणाऱ्यांत मी होते, याचा मला अभिमान वाटायचा. आजही वाटतो.

नोकरीसाठी लंडनला आले आणि डनिच डायनॅमोबद्दल ऐकलं, तेव्हा म्हणूनच मला आधी राग आला. जुलैमधला, पौर्णिमेच्या जवळचा शनिवार. संध्याकाळी हॅकनीमधल्या लंडन फील्ड्स या बागेत सायकलवाले जमतात, आठ-नऊच्या सुमारास निघतात आणि रात्रभर पायडल मारत सफोकच्या किनाऱ्यावरच्या डनिचला पोहोचतात. अंतर साधारण एकशे ऐंशी किलोमीटर. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे चालू आहे. माणसं शेकड्यांनी नाही, हजारोंनी येतात. आणि या सगळ्याला आयोजक नाही. नोंदणी नाही, फी नाही, छातीवर नंबर नाही, मार्शल नाही, मागे गाडी नाही. शेवटचा माणूस कोण, हे कोणालाच माहीत नसतं, कारण पहिला कोण हेही कोणाला माहीत नसतं.

ऑफिसातला एक सहकारी दरवर्षी जायचा. मी त्याला विचारलं, "उद्या कोणाला काही झालं तर जबाबदार कोण?"

तो म्हणाला, "ज्याला झालं तो, आणि त्याच्या शेजारून जाणारा."

मला हे टोलवाटोलवीचं उत्तर वाटलं. माझ्या मताला आधार होता. क्लबच्या राईडला मी बॅकअप गाडीत बसलेली आहे. रात्री दोन वाजता थंडीने कुडकुडणारा, साखर उतरलेला माणूस कसा दिसतो आणि कसा बोलतो, हे मी पाहिलेलं आहे. तो "मी ठीक आहे" म्हणतो तेव्हा तो ठीक नसतो. अशा वेळी त्याच्या भोवती ब्लँकेट टाकायला कोणाची तरी नेमणूक झालेली असावी लागते, असं मला वाटायचं. एवढ्या लोकांना काळोख्या गावरस्त्यांवर नुसतं सोडून देणं याला मी स्वातंत्र्य म्हणत नव्हते, हलगर्जी म्हणत होते.

तरी गेले, ते उगवतीच्या ओढीने. आपल्याला समुद्र म्हणजे सूर्यास्त. गुहागर असो, दिवेआगर असो, नाहीतर मिरामार, आपल्या समुद्रात सूर्य बुडतो. सफोकचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे. रात्रभर उगवतीच्या दिशेने जायचं आणि पाण्यातून वर येणारा सूर्य बघायचा, हे मला सोडवेना. शिवाय जुलैची पौर्णिमा म्हणजे बहुतेक वर्षी आपली गुरुपौर्णिमा. इकडे पावसाने ती झाकलेली नसते.

लंडनमधून बाहेर पडतानाचा तास सांगण्यासारखा नाही. सिग्नल, बस, धूर. एपिंगच्या जंगलाशी शहर संपतं आणि मग एसेक्सचे अरुंद रस्ते सुरू होतात. दोन्ही बाजूंना उंच कुंपणझाडी, मध्ये एक गाडी जेमतेम जाईल एवढा डांबराचा पट्टा. गावागावांतले पब उशिरापर्यंत उघडे. लोक घरासमोर खुर्च्या टाकून बसलेले, लहान मुलं पायजम्यात, टाळ्या वाजवत. फिंचिंगफील्डच्या तळ्याकाठी तर सायकलींची जत्राच होती. त्यानंतर मात्र काळोख खरा झाला. समोर चढ आहे की नाही, हे रस्त्यावरून कळेना. पुढच्यांच्या लाल दिव्यांची ओळ वर सरकली की चढ, खाली घसरली की उतार.

काही वळणांवर जॅमच्या काचेच्या बरण्या ठेवलेल्या होत्या, आत मेणबत्ती. या राईडची ही जुनी रीत आहे. एका तिठ्यावर बरणीतली मेणबत्ती विझली होती. माझ्या पुढचा मुलगा थांबला, सायकल गवतात टाकली, रस्त्यावर पोटावर आडवा झाला आणि लायटरची ज्योत तळहाताने झाकत बरणीच्या तोंडातून आत न्यायला लागला. वात काजळीत बुडाली होती, पेटेना. त्याने काडीने मेण उकरून वात वर काढली, पुन्हा लावली, पेटल्याची खात्री केली आणि निघाला. मी विचारलं, "बरण्या तुम्ही ठेवता?" तो म्हणाला, "नाही, कोण ठेवतं माहीत नाही."

सडबरीच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. या भागातल्या शेतांत चकमकीचा दगड फार. त्याच्या कपच्या पावसाबरोबर रस्त्यावर येतात आणि त्यांची धार काचेसारखी असते. मी कडेला झाले, चाक काढलं, टायर उतरवला. पंक्चर काढणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं की नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून अंगठा फिरवावा लागतो. कारण आत राहिलेली कपची नवी ट्यूबही फोडते. मी अंगठा फिरवत होते आणि शेजारून माणसं जात होती. प्रत्येक जण वेग कमी करून विचारत होता, "ठीक ना?" मी "ठीक" म्हटलं की पुढे जात होता. एकानेही विचारायचं सोडलं नाही. पुढच्याने विचारलेलं ऐकू आलं असलं तरी मागचा पुन्हा विचारायचा.

मग साठीपुढचे एक गृहस्थ थांबले. काही न विचारता त्यांनी आपला दिवा काढून टायरच्या आत प्रकाश धरला. कपची तांदळाच्या कणीएवढी होती, रबरात तिरकी रुतलेली. अंगठ्याखालून ती दोनदा सुटली होती. त्यांनी खिशातून सेफ्टी पिन काढून दिली. माझी ट्यूब नीट बसत नव्हती, तर पिशवीतून दुसरी काढली. त्यांच्याकडे तीन होत्या, आणि त्यांच्या चाकाच्या मापाच्या नव्हत्या.

"या मापाच्या कशाला आणल्या?" मी विचारलं.

"रात्रीत कोणाला तरी लागतात."

पैसे घेतले नाहीत, नाव सांगितलं नाही. पंप मारून होईपर्यंत थांबले, मी शंभर मीटर पुढे जाऊन हात वर केला तेव्हा निघाले. काळोख्या रस्त्यावर एकटी बाई आणि अनोळखी पुरुष, हे गणित कुठल्याही मुलीला लहानपणापासून शिकवलेलं असतं. पण शेजारून दर अर्ध्या मिनिटाला कोणीतरी "ठीक ना?" म्हणत जात होतं, आणि ते गणित मांडायची मला गरजच पडली नाही.

पुढे एका गावच्या हॉलमध्ये स्थानिक मंडळींनी पास्ता आणि चहा मांडला होता. मी तिथे बसले ती विचारात पडून. आमच्या क्लबच्या राईडला मागे बॅकअप गाडी असायची. गाडी असल्यामुळे पंक्चर झालेल्याजवळ थांबायची कोणाला गरज नसायची. आमच्या नियमावलीत तसं वाक्यच होतं: पंक्चर झाल्यास गाडीला फोन करावा, इतरांनी पुढे जावे. वाक्य शहाणपणाचं होतं. एकाच्या पंक्चरपायी पंधरा जणांनी हायवेच्या कडेला उभं राहणं धोक्याचं असतं. पण त्या वाक्यामुळे काय झालं, हे मला त्या हॉलमध्ये बसून दिसलं. काळजी गाडीत गेली. रस्त्यावरच्यांच्या वाट्याला फक्त वेळ आणि वेग राहिला. इथे गाडी नव्हती, त्यामुळे काळजीला जायला दुसरी जागाच नव्हती. ती हजारो पिशव्यांत थोडी थोडी वाटलेली होती: एकीत जास्तीची ट्यूब, दुसरीत लायटर, तिसरीत सेफ्टी पिन. "ज्याला झालं तो, आणि त्याच्या शेजारून जाणारा" हे माझ्या सहकाऱ्याचं उत्तर टोलवाटोलवी नव्हतं. तीच इथली व्यवस्था होती.

अगदीच संघटना नाही असंही नाही म्हणा. परतीसाठी बस आणि सायकलींसाठी ट्रक ठरवायचं काम साउथवर्क सायकलिस्ट्स या लंडनमधल्या सायकल गटाच्या स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं केलं, कारण जवळचं डार्शम स्टेशन लहान आणि तिथल्या गाडीत मोजक्याच सायकली मावतात. म्हणजे एकट्यादुकट्याला जमणार नाही तेवढंच संघटनेने उचललं. बाकीचं ज्याचं त्याच्याकडे. ही वाटणी मला फार विचारपूर्वक केलेली वाटते, मग ती कोणी ठरवून केलेली असो वा नसो.

पूर्वेकडे साडेतीनलाच फटफटायला लागलं. पक्ष्यांनी कान किटवले. सूर्य उगवला तेव्हा मी अजून शेतांतच होते. समुद्रातून वर येणारा सूर्य मला मिळाला नाही, आणि त्याची हळहळ अजून आहे. डनिचचा किनारा गोट्यांचा, पाणी करडं, गार. मध्ययुगात हे मोठं बंदर होतं. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या वादळांनी आणि नंतरच्या झिजेने ते गिळलं. कड्यावरचं शेवटचं जुनं चर्च 1904 ते 1919 या काळात तुकड्या-तुकड्याने खाली कोसळलं. आता एक छोटंसं खेडं उरलंय. किनाऱ्यावरच्या फ्लोरा टी रूम्ससमोर न्याहारीची रांग लांबच लांब होती. लोक गोट्यांवर सायकलींशेजारी हेल्मेट उशाला घेऊन झोपले होते.

माझं सगळं मत बदललेलं नाही. कित्येक जण मागचा लाल दिवा न लावता आले होते. सूर्यास्तानंतर पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हा ब्रिटनमध्ये कायदा आहे, तो सोडणाऱ्याला मी आजही रस्त्यावरून उतरवीन. पहाटे दोनला गावातून ओरडत जाणारेही होते. एवढ्याशा खेड्यावर हजारो माणसं एका सकाळी उतरतात, त्याचा भार गावाने का सोसावा, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. आणि हे सगळं इथे जमतं त्याचं एक कारण म्हणजे त्या रस्त्यांवर रात्री फारशा गाड्या नसतात.

परवा पुण्याहून एका धाकट्या मित्राचा फोन आला. "ताई, थंडीत ताम्हिणीमार्गे दिवेआगरला रात्रीची राईड काढतोय. तुझी ती नियमावली पाठव ना."

ताम्हिणी म्हणजे एसेक्स नव्हे. शनिवारी रात्री मुळशीकडून भरधाव येणाऱ्या गाड्या, त्यातले काही चालक प्यायलेले, घाटात फोनची रेंज नाही. मी त्याला नियमावली पाठवली. गाडी ठेव, यादी ठेव, घरच्यांचे नंबर घे, असं बजावलं. फक्त ते पंक्चरचं वाक्य काढलं आणि त्या जागी लिहिलं: थांबलेल्याला विचारल्याशिवाय कोणीही पुढे जाऊ नये, जास्तीची एक ट्यूब प्रत्येकाने आणावी, स्वतःसाठी नव्हे.

तासाभराने त्याचा पुन्हा फोन. "ताई, असं प्रत्येकाजवळ थांबत बसलो तर वेळ कशी पाळणार? माणगावला सातला पोहे सांगितलेत."

"आठला सांग," मी म्हटलं.