टाकीची मधली पट्टी

आपल्या शाळेच्या प्रवेशदालनात डाव्या हाताला माशांची काचेची टाकी आहे, हे पालकांना सांगायला नको. सुट्टीच्या वेळी मुलांना न्यायला आलेले निम्मे पालक तिथेच उभे असतात. टाकी चार फूट लांब आणि दीड फूट रुंद आहे. आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या आईंनी मुलाच्या स्मरणार्थ ती शाळेला दिली. सगळी शाळा त्यांना आजीच म्हणते. टाकीच्या तोंडावर बरोबर मध्यावर, पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत, सहा इंच रुंद काळ्या काचेची आडवी पट्टी होती. तिच्यावर त्या दादाच्या नावाची पितळी पाटी.

टाकीची निगा नववीच्या विज्ञान मंडळाकडे, म्हणजे आमच्याकडे असते. टाकीत वॅलिस्नेरियाची लांब पाने दोन्ही टोकांना दाट माजत, मध्ये मात्र नुसती वाळू. तीनदा रोपे लावली, तीनदा ती पिवळी पडून कुजली. मग प्रयोगशाळेतल्या दोन परीक्षानळ्यांत हायड्रिलाच्या सारख्या फांद्या घेतल्या. एक नळी टोकाला सोडली, एक मध्यावर. टोकाच्या नळीत प्राणवायूच्या बुडबुड्यांची माळच लागली आणि मधल्या नळीत एखाद-दुसरा. दोष वाळूचा नव्हता. वरचा दिवा त्या पट्टीवर आडवा टेकलेला असे आणि मधला सगळा उजेड काळी काच अडवत होती.

आमच्यातल्या काहींचे म्हणणे सरळ होते, पट्टी काढून टाकावी. सरांनी काच कापून देणाऱ्या भाईसाहेबांना बोलावले. त्यांनी पट्टीवर बोट वाजवले आणि म्हणाले, "इसको निकालोगे तो काँच पेट निकालेगी."

काच पोट कशी काढील, हे सरांनी फळ्यावर दाखवले, तेही आमच्याचकडून गणित करवून. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. टाकीत ४० सेंटीमीटर पाणी असले की तळाशी दर चौरस सेंटीमीटरवर ४० ग्रॅम भार, पृष्ठभागाशी शून्य, म्हणजे सरासरी २० ग्रॅम. पुढच्या काचेचा पाण्याखालचा भाग १२० बाय ४०, म्हणजे ४८०० चौरस सेंटीमीटर. गुणाकार ९६ किलो! नववीतली दोन मुले काचेला आतून दिवसरात्र रेटत उभी आहेत असे समजा. गंमत अशी की टाकीची रुंदी या हिशोबात कुठेच येत नाही. त्या काचेमागे अख्खा यशवंतसागर असता, तरी पाण्याची उंची तेवढीच राहिली तर भारही ९६ किलोच.

दाब तळाशी जास्त, मग पट्टी वर कशाला, असे एकीने विचारले. प्रश्न चांगला होता. काचेची खालची कड तळाला चिकटलेली असते, बाजूच्या कडा बाजूच्या काचांना. वरची कडच तेवढी मोकळी. म्हणून काच फुगते ती वर, मध्यावर. ती पट्टी समोरासमोरच्या दोन काचांना हातात हात देऊन धरून ठेवते.

आमची काच १० मिलिमीटर जाडीची आहे, पट्टीशिवायही कदाचित टिकली असती. पण जिथे बालवर्गाची मुले नाक लावून उभी राहतात तिथे 'कदाचित' चालणार नाही, असे सर म्हणाले आणि ते आम्हांला पटले. ठरले असे: मध्ये स्वच्छ पारदर्शक काचेची चार इंची पट्टी आणि लांबीच्या दोन्ही काचांना आतून, वरच्या कडेलगत, दोन-दोन इंचांच्या लांब पट्ट्या.

राहिली पितळी पाटी. ती पारदर्शक पट्टीवर पुन्हा लावली तर सगळे मुसळ केरात. न लावावी तर आजींना काय वाटेल? विश्वस्तांपैकी एक काका म्हणाले, "दात्याचे नाव हलवायचे तर दात्याला विचारूनच." आम्ही चौघे बाईंबरोबर आजींच्या घरी गेलो. बोलायचे कसे याची वाटेत तालीम केली होती, ती दारातच विसरलो. आजींनी सगळे ऐकून घेतले, हायड्रिलाचा प्रयोग दोनदा विचारला. मग म्हणाल्या, "अरे, त्याचं नाव वर होतं, ते वाचायचे कोण? माश्यांच्या वर बघतंय कोण! खाली स्टँडवर लावा, लहान मुलांना वाचता येईल असं." पाटी आता तिथे आहे.

काम उन्हाळ्याच्या सुट्टीत झाले. गप्पी मासे टबात हलवून टाकी पूर्ण रिकामी केली, कारण नवी पट्टी चिकटवताना काचा ताणाखाली नसाव्या लागतात. जुने सिलिकोन सरांनी पात्याने खरवडले. जुन्यावर नवे नीट धरत नाही. पालकांपैकी कुणी घरी असे काम करणार असेल तर एवढे लक्षात ठेवावे की न्हाणीघरासाठीचे बुरशीरोधक सिलिकोन माशांना घातक ठरते. टाकीचे वेगळे मागावे. चिकटवल्यावर दालनात दोन दिवस व्हिनेगरचा वास होता. तो ॲसिटिक आम्लाचा, हे दहावीच्या ताईंनी न सांगता ओळखले. पूर्ण एक आठवडा टाकी कोरडी ठेवली, मग रोज थोडे थोडे पाणी भरले आणि दर वेळी टाकीची रुंदी टोकांना व मध्यावर मोजली.

आता मध्ये वॅलिस्नेरिया वीतभर वाढली आहे. उजेडाबरोबर काचेवर हिरवे शेवाळही आले, म्हणून दिवा आठ तासांवर आणला आहे. पट्टीवर शिंतोड्यांचे पांढरे डाग पडतात, ते दर शनिवारी पुसावे लागतात. त्याच वेळी टेप लावतो. भरल्या टाकीची मधली रुंदी टोकांपेक्षा एक मिलिमीटर जास्त आहे, पहिल्या दिवशी होती तेवढीच. नोंदवही स्टँडच्या खिळ्याला टांगलेली असते.