तोटी नसलेला नळ

रोममध्ये सासूबाईंनी सगळ्यात आधी शोधली ती तोटी. हॉटेलच्या गल्लीच्या तोंडाशी कमरेच्या वर येणारा एक बिडाचा खांब उभा होता. त्याला नाकासारखी वाकलेली नळी, आणि नळीतून अंगठ्याएवढी धार. खाली जाळी, जाळीतून पाणी थेट जमिनीत. त्यांनी खांब पुढून-मागून चाचपला. "अगं, बंद कुठून करायचा हा?" हा बंद करायचाच नसतो, असं मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण निघताना दोनदा मागे वळून बघितलं.

रोमकर याला नासोने म्हणतात, म्हणजे मोठं नाक. 1874 पासून हे नळ शहरात आहेत आणि आज अडीच हजारांच्या आसपास भरतील. पाणी वाहतं राहिलं की नळात शिळं होत नाही, असं सांगतात. नळीच्या तोंडाला बोट लावलं की वरच्या बारीक भोकातून कारंजं उडतं आणि ओंजळ न करताही पिता येतं. ही युक्ती लेकीला पाच मिनिटांत जमली, नवऱ्याचा सदरा भिजला.

सासूबाईंचं माहेर बीड जिल्ह्यातलं. उन्हाळ्यात आडाचा तळ उघडा पडला की लहान पोरीला दोर बांधून आत सोडायचे, आणि ती वाटीनं पोहरा भरायची. ती पोर म्हणजे याच. अजूनही भाजी धुतलेलं पाणी त्यांच्याकडून मोरीत जात नाही. पहिल्या रात्री दोनला त्या खिडकीशी उभ्या दिसल्या. "चालूच आहे," एवढंच म्हणाल्या.

कलोसियम आम्ही रीतसर पाहिलं. तिथली गर्दी आणि ऊन याखेरीज मला फारसं आठवत नाही. सासूबाईंना बाहेर बाटलीबंद पाणी विकणारा आठवतो. त्यानं सांगितलेली किंमत रुपयांत मोजून त्यांनी त्याच्याकडे कीव करावी तसं पाहिलं आणि पिशवीतली स्टीलची बाटली काढली.

पँथिऑन या प्राचीन रोमन मंदिरात मात्र वळीव भेटला. घुमटाच्या माथ्यावर सुमारे नऊ मीटर रुंदीचं उघडं भोक आहे, त्याला काच नाही की झाकण नाही. बाहेर सर आली आणि आत पाण्याचा एक गोल खांब उभा राहिला. पहारेकऱ्यांनी मधली जागा दोरीनं अडवली. फरशी मध्ये किंचित फुगीर, आणि तिच्यात 22 बारीक भोकं. पाणी पसरलं, थबकलं आणि निमूट खाली गेलं. माणसं वर बघून फोटो काढत होती. आमच्या घरची एक बाई तेवढी खाली वाकून भोकं मोजत होती. "पिंडीवरचं पाणी गोमुखातून जावं तसं केलंय," त्या म्हणाल्या. वास्तुशास्त्रावरच्या पुस्तकात मला हे वाक्य सापडलं नसतं.

पँथिऑनच्या दर्शनी भागावर रोमन सेनापती अग्रिप्पाचं नाव कोरलंय, पण आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळातली. अग्रिप्पाचं खरं काम निराळंच: इसवी सनापूर्वी 19 मध्ये त्यानं ॲक्वा व्हिर्गो नावाचा कालवा शहरात आणला. जवळपास 21 किलोमीटर, आणि बहुतेक जमिनीखालून. तोच पुढे दुरुस्त होत होत त्रेवीच्या कारंज्यापर्यंत पोचला. हे सांगताना नवऱ्याला घर आठवलं. आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. मलिक अंबरनं सतराव्या शतकात डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, पुढे त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. आमची पाणचक्की त्यातल्याच एका नहरीवरची. सासूबाई म्हणाल्या, "मग ही माणसं आपल्यातलीच की!"

तरी रोमचं पाणीही अक्षय नाही. 2017 च्या कोरड्या उन्हाळ्यात हे नळ बंद करायला घेतले होते. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट चेहरा जरा निवळला. "म्हणजे कळतं त्यांना," म्हणाल्या.

त्रेवीला लेकीनं रीत समजावली: पाठ फिरवायची, उजव्या हातानं डाव्या खांद्यावरून नाणं टाकायचं, म्हणजे रोमला परत येणं होतं. सासूबाईंनी नाणं घेतलं, पण पाठ फिरवायला साफ नकार दिला. पैठणला गोदावरीत नाणं टाकताना कोणी पाठ करतं का? त्यांनी नाणं कपाळाला लावलं, समोर तोंड करून सोडलं, हात जोडले. शेजारची एक तरुण मुलगी थबकली, मग तिनंही तसंच केलं. ही नाणी गोळा होऊन गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जातात, हे कळल्यावर त्यांनी आणखी एक टाकलं.

निघायच्या सकाळी त्या नळावरून बाटली काठोकाठ भरून आल्या. विमानतळावर तपासणीत पाणी अडवतील, मी म्हटलं. थोडं त्या प्यायल्या, थोडं लेकीला पाजलं. उरलं ते हॉटेलच्या दारातल्या कुंडीत, कण्हेरीच्या बुंध्याशी, हळूहळू ओतलं. नळ पन्नास पावलांवर वाहत होता.