एका अक्षराची नोंद

सरकारी नोकरीतील आमची बहुतेक वर्षे जमिनीच्या नोंदी तपासण्यात गेली. एक-चौदाच्या उताऱ्यात एक अक्षर चुकले, तर सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. शरीराचे दप्तरही याच जातीचे आहे, हे आम्हांस निवृत्तीनंतर कळले.

आमच्या धाकट्या बंधूंच्या मानेला गाठ आली. निदान झाले फॉलिक्युलर लिम्फोमाचे, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचे. केमोथेरपीच्या जोडीला रिटुक्सिमॅब सुरू झाले. हे औषध म्हणजे मोनोक्लोनल अँटीबॉडी; एकाच पेशीच्या वंशातून निपजलेली, सर्वस्वी एकसारखी प्रतिपिंडे. त्यांचे एक टोक रोगट पेशीला धरते, दुसरे आपल्याच मारक पेशीवरील रिसेप्टरला. चोपडे-शिवोली फेरीबोट जुन्या मंडळींना आठवत असेल. बोट धक्क्याला नीट टेकली, तरच माणसे उतरत. येथेही तसेच.

या रिसेप्टरात १५८व्या जागी कोणाकडे व्हॅलिन असते, कोणाकडे फेनिलॲलनिन. आईकडून एक प्रत, वडिलांकडून एक. व्हॅलिनची पकड घट्ट. केवळ हेच औषध दिलेल्या ४९ रुग्णांचा एक फ्रेंच अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही प्रती व्हॅलिनच्या असलेल्या सर्वांना दोन महिन्यांत गुण आला होता; इतरांत हे प्रमाण ६७ टक्के होते.

हा फरक एरवी जनुक वाचून कळतो. पण तो पेशीवरच ओळखणारी प्रतिपिंडेही आहेत. उंदराची प्रतिपिंडे करणारी पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्कपेशी यांचा संकर १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी साधला. १९८४ साली त्यांना नोबेल मिळाले. अशा संकरातून वंश पुष्कळ निघतात, परंतु बहुतेक रिसेप्टरच्या सामाईक भागालाच चिकटतात. एकाच नावाच्या दोन कुळांतून नेमके हवे ते शोधावे, तसा तो एक वंश निवडावा लागतो. एमईएम-१५४ हे प्रतिपिंड असेच; ते व्हॅलिनच्या रूपाला अधिक घट्ट बिलगते.

एवढे वाचल्यावर आम्ही डॉक्टरांकडे हट्ट धरला, की तपासणी करा, नोंद होऊ द्या. ते म्हणाले, केमोथेरपी जोडीला असली की हा फरक बऱ्याच अभ्यासांत दिसत नाही. उत्तर काहीही आले तरी औषध हेच. आम्हांस राग आला. रकाना कोरा ठेवणे आमच्या स्वभावात नाही. बंधू मात्र हसले. "दादा, अक्षर कुठलेही असो, सुई मलाच टोचून घ्यायची आहे."

गाठ विरली. ती परत येऊ शकते, हे दोघांनाही ठाऊक आहे. दर सहा महिन्यांनी पुलावरून आम्ही बांबोळीस जातो. फाईल आमच्याच हाती असते. तो रकाना अद्याप कोराच आहे.