फूट आणि क्युसेक : पाचवीच्या वर्गातली नदी



पावसाळ्यात आमच्या सांगली भागात मुलांच्या तोंडी दोन आकडे असतात. "आयर्विनला 38 फूट झालं" आणि "कोयनेतून इतके क्युसेक सोडले." घरच्या मोबाईलवर सारखे तेच येत असतं. पण फूट म्हणजे पाण्याची पातळी आणि क्युसेक म्हणजे विसर्ग, हा फरक मोठ्यांनाही पटकन सांगता येत नाही. म्हणून परिसर अभ्यास आणि गणित एकत्र करून हा पाठ घेतला.

आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेसाठी तेच आकडे 39 आणि 43. दोन्हीकडच्या मोजपट्ट्यांचा शून्य वेगवेगळ्या उंचीवर आहे, त्यामुळे तिकडचे फूट इकडं लावून उपयोग नाही.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28.3 लिटर. हे पुस्तकातून कळत नाही हो! डिसेंबरात गुडघ्याच्या खालीच पाणी असलेल्या ओढ्यावर मुलांना नेलं. 10 मीटर अंतर आखलं आणि एक संत्रं सोडलं. 20 सेकंद लागले, म्हणजे वेग अर्धा मीटर. रुंदी 2 मीटर, सरासरी खोली 0.3. तळाशी पाणी हळू वाहतं म्हणून 0.85 ने गुणलं. उत्तर आलं सेकंदाला 255 लिटर. "बाई, म्हणजे फक्त नऊ क्युसेक?" मग धरणाचे हजारांतले आकडे ऐकताना मुलांचे डोळे मोठे झाले. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार त्या दिवशी कुणालाच कंटाळवाणा वाटला नाही.

एक गोष्ट मात्र फळ्यावर चित्र काढूनच सांगावी लागली. सांगलीच्या पुढे हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणेलाही पूर असला की कृष्णेचं पाणी तुंबतं. वरचा विसर्ग वाढला नाही तरी पुलाशी फूट चढू शकतात. "धरणातून सोडलेलं नाही, मग कशाला हलायचं" असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकायला हवं.

मग गृहपाठ दिला. आयर्विनला किती फूट असताना आपल्या दारात पाणी येतं, ते आज्जी-आजोबांना विचारून या. 2019 ला पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण कामाचे आकडे खालचेच निघाले. एक मुलगा म्हणाला, "आमच्या गोठ्यात 43 लाच पाणी येतंय. आजोबा म्हशी 41 लाच काढतात." म्हणजे जाहीर धोका पातळीच्या चार फूट आधीच! आजोबांचा हिशोब एकदम बरोबर आहे. म्हशी काही पाच मिनिटांत निघत नाहीत.

गल्लीवार आकड्यांचा तक्ता जूनमध्ये शाळेच्या व्हरांड्यात लावला. काही पालकांनी फोटो काढून नेले. एका आईने आमचा एक आकडा खोडायला लावला. म्हणाल्या, "आमच्याकडं 46 नाही, साडेचव्वेचाळीसलाच पायरी बुडते."