दुभाष्या

माणसाला माणसाचे बोलणे कळत नाही, ही तक्रार आपण सारेच करतो. सासूचे सुनेला कळत नाही, पुढाऱ्याचे जनतेला कळत नाही, आणि शिक्षकाचे तर शेवटच्या बाकाला कधीच कळत नाही. पण यंत्राचे बोलणे यंत्रालाच कळेनासे झाले, तर काय होते? हातात चकली घेऊन स्वस्थ विचार करावा, असा हा प्रश्न आहे.

संगणकाच्या पोटात एक कारभारी असतो. लिनक्स नावाच्या प्रणालीत त्याला कर्नल म्हणतात. हा शब्द प्रथम ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर भरघोस मिशांचा लष्करी अधिकारी उभा राहिला! वास्तविक त्याचा अर्थ बदामाच्या आतला गर. लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली हा गर तयार केला आणि जगाला वाटून टाकला. आज हजारो माणसे तो सुधारीत असतात आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते. आपल्याकडे दिवाळी अंक वर्षातून एकदाच निघतो, तरी संपादकांचे केस पिकतात!

पडद्यावर चित्र उमटविणारे जे ग्राफिक्स कार्ड असते, त्याची भाषा मात्र निराळी. कारभाऱ्याचे म्हणणे त्याला समजावून सांगायला एक दुभाष्या लागतो. त्याचे नाव ड्रायव्हर. दुभाष्या चोख असला की तो आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. तो अडखळला की सारी सभा अंधारात बसते.

अशी अंधारातली सभा मी पाहिली आहे. शिरूरच्या आमच्या शाळेत संगणकांची एक खोली आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने नको झालेली दहा यंत्रे आम्हाला दिली. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे जाहीर झालेले होते, आणि पुढच्या आवृत्तीला लागणारी साधने या म्हाताऱ्या यंत्रांत नव्हती. म्हणून त्यांच्यावर लिनक्स बसले. मुले आनंदाने टंकलेखन करू लागली. पुढे एका सोमवारी, नवा कर्नल आल्यानंतर, दहांपैकी तीन पडदे काळे ते काळेच राहिले.

त्यांतल्या एका यंत्रावर नववीतली एक मुलगी आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवीत होती. घरी संगणक नाही, आजीला लिहिता येत नाही, आणि आजीचे वय असे की आज आठवलेली ओवी उद्या आठवेलच याची खात्री नाही. काळ्या पडद्याकडे पाहत ती मला म्हणाली, "सर, आजीचं सगळं गेलं का हो?" त्याच वेळी कार्यालयातून निरोप आला, की बंद पडलेली यंत्रे भंगारवाल्याला देऊन टाकावीत, तो दारातच उभा आहे. त्याच्या हातात वजनकाटाही होता!

मी दौंडला फोन लावला. माझा एक जुना विद्यार्थी तेथे रेल्वेच्या इंजिनावर असतो. रेल्वे त्याला आता लोको पायलट म्हणते. आम्ही ड्रायव्हरच म्हणतो. सुटीच्या दिवशी चौफुला, न्हावरे करीत मोटारसायकलवरून तो आला, पाच मिनिटे खुडबुड केली आणि हसून म्हणाला, "सर, ड्रायव्हर चांगला आहे. रूळ बदललेत."

दौंडच्या माणसाने हे सांगावे, यात मोठे औचित्य होते. १९१४ साली दौंडहून बारामतीला जी छोटी गाडी सुरू झाली, तिच्या रुळांतले अंतर अडीच फूट. आणि दौंडच्याच मोठ्या मार्गाचे अंतर साडेपाच फूट. गाडी दोन्हीकडची, स्टेशन एक. तरी छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळावर एक पाऊल टाकू शकत नसे. माल उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा. पुढे बारामतीचा मार्गही रुंद झाला, पण मग ते छोटे डबे गेले कोठे? ते मोडके नव्हते. त्यांच्याखालचा रस्ता तेवढा बदलला होता.

कर्नलचेही असेच आहे. टोर्वाल्ड्स यांचा एक कडक दंडक आहे: कर्नलच्या वर चालणारे, तुमच्या-आमच्या वापरातले कार्यक्रम नव्या आवृत्तीने मोडता कामा नयेत. पण कर्नलच्या आतल्या मांडणीविषयी असे वचन कोणालाच नाही. ग्रेग क्रोह-हार्टमन या त्यांच्या सहकाऱ्याने ते लिहूनच ठेवले आहे. तेथे एकत्र कुटुंबाचा न्याय चालतो. घरात राहणाऱ्या दुभाष्याची काळजी घर घेते. जो चूल हलवील त्यानेच घरातल्या सगळ्यांची पाने पुन्हा नीट मांडायची. जो वेगळा राहतो, त्याने आपले आपण पाहावे. इंटेलचे आणि एएमडीचे दुभाषे कर्नलच्या घरातच नांदतात. एनव्हिडियाचा स्वतःचा दुभाष्या पुष्कळ वर्षे बाहेर, बंद दाराआड राहिला; मे २०२२ मध्ये त्या कंपनीने कर्नलशी बोलणाऱ्या भागाचे लिखाण खुले केले, तेही नव्या पिढीच्या कार्डांपुरते. तोवर स्वयंसेवकांनी कार्डाचे वागणे पाहून पाहून स्वतःचा एक दुभाष्या घडविला होता. त्याचे नाव नूव्हो. फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'नवा'. २०१० साली तो कर्नलच्या घरात आला. आमच्या कार्डाचे कूळ मी येथे सांगत नाही. कंपनीने त्याची देखभाल सोडली होती आणि त्याचा दुभाष्या घराबाहेरचा होता, एवढे पुरे.

घरातल्यांनाही अमरपट्टा नाही, हेही सांगितले पाहिजे. १९८५ साली आलेला ३८६ प्रोसेसर, ज्याच्यावर लिनक्सचा जन्म झाला, त्यालाच २०१३ साली ३.८ या आवृत्तीने निरोप दिला. २०२३ साली ६.३ या आवृत्तीत जुन्या कार्डांचे कित्येक दुभाषे काढून टाकले गेले. याला कृतघ्नपणा म्हणावे, असे प्रथम मला वाटले. पण ज्याची भाषा बोलणारे कोणी उरले नाही, त्या दुभाष्याला सांभाळायचे तरी कोणी? दरवेळी चूल हलली की त्याचे पान मांडायचे, आणि जेवायला मात्र कोणीच येत नाही!

आमच्यापुरता उपाय सोपा निघाला. नवा कर्नल आला तरी जुना लगेच फेकला जात नाही. तो शेजारीच ठेवलेला असतो. यंत्र सुरू होताना एक कळ दाबली की दोघांची नावे समोर येतात. विद्यार्थ्याने जुन्या नावावर बोट ठेवले आणि पडदा उजळला. मुलीच्या चौसष्टच्या चौसष्ट ओव्या जागच्या जागी होत्या. त्या कधीच हलल्या नव्हत्या. त्या दाखविणाराच तेवढा मुका झाला होता. त्याने दोन यंत्रांना दीर्घ मुदतीच्या जुन्या शाखेवर ठेवले; या शाखेत नवलाई येत नाही, पण डागडुजी काही वर्षे चालू राहते. तिसऱ्याच्या मूळ बोर्डावरच चित्राची दुसरी सोय होती, म्हणून त्याचे कार्ड काढूनच टाकले. भंगारवाल्याला तेवढे एक कार्ड मिळाले.

"सर, ही मुदतही संपेल हं," जाताना तो म्हणाला. त्याला चहा देताना मी मनाशी हिशेब करीत होतो. आजीच्या ओव्यांतले कितीतरी शब्द त्या मुलीला कळत नव्हते. जात्याचा खुंटा तिने पाहिलेला नाही. पाळू म्हणजे काय, ते ती मला विचारते. आणि ती संगणकावर जे करते, ते आजीला कळत नाही. दोघींच्या मध्ये मी उभा. शिक्षकाचा धंदाच दुभाष्याचा. दर थोड्या वर्षांनी पुस्तके बदलतात, मुले बदलतात, रूळ बदलतात. म्हणून मी आता दर शुक्रवारी तिच्या ओव्या दुसऱ्या ठिकाणीही उतरवून ठेवतो, आणि तिला सांगितले आहे, की ओवीसमोर शब्दांचा अर्थही लिही. परवा तिने 'खुंटा'समोर लिहिले: "आजीचा आणि आईचा हात जिथे एकत्र असायचा, ते लाकूड."