सोडण्याची विद्या

धरणाऱ्याची स्तुती जगात फार होते, सोडणाऱ्याची क्वचितच. शब्दाला धरून राहणारा, ध्येयाला चिकटून बसणारा, संकटात हात न सोडणारा, अशी माणसे आपल्या गौरवाची धनी होतात. मोटारीच्या ब्रेकविषयीही आपली समजूत अशीच असते. जो घट्ट धरतो तो उत्तम ब्रेक! परंतु पाऊल उचलल्यावरही जो चाकाला सोडत नाही, तो ब्रेक न लागणाऱ्या ब्रेकइतकाच घातकी असतो, हे ज्ञान मला आमच्या पंचवीस वर्षांच्या मोटारीने दिले.

ही मोटार घरी आली ती मुलीच्या जन्माच्या साली. यंदा मुलीला चिपळूणला नोकरी लागली आणि कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून मोटार एकटीने नेण्याचा बेत तिने जाहीर केला. नेमके त्याच आठवड्यात पुढचे डावे चाक तापू लागले. मोटार डावीकडे ओढ घेई, पेट्रोल अधिक पिई, आणि थांबल्यावर करपट वास येई.

सपाट रस्त्यावर हा केवळ खर्चाचा प्रश्न. घाटात मात्र प्राणाचा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट 3 जातीचे ताजे तेल 205 अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. तेच जुने होऊन ओलावा प्यायले की 140 अंशांच्या आसपासही उकळू शकते. उकळले की वाफ होते, आणि वाफ तेलासारखा दाब पुढे पोचवीत नाही. ती स्वतःच दबते. मग पेडल तळाशी जाते आणि मोटार मात्र धावतच राहते.

डिस्क ब्रेकची कल्पना तशी जुनी. लँचेस्टर या इंग्रज यंत्रज्ञाने 1902 साली तिचे पेटंट घेतले. पण 1953 साली ल मां येथील शर्यत जग्वारने असे ब्रेक लावून जिंकली, तेव्हा ती जगाच्या नजरेत भरली. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी, आणि तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारे पॅड. तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो. परंतु त्याला मागे कोण आणतो? तेथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीची रबरी कडी त्याच्याबरोबर किंचित वाकते आणि दाब उतरताच पूर्वस्थितीला येताना त्याला केसभर मागे ओढते. सारी सुटका त्या केसभर अंतरावर अवलंबून!

आमच्या मिस्त्रींनी चाक जॅकवर उचलले. ते हाताने फिरेना. त्यांनी कॅलिपरवरील हवा काढण्याचा नट थोडा ढिला केला. "दाब अडकला असेल तर आता चाक मोकळं होईल, सर. मग दोष नळीत नाहीतर मास्टर सिलिंडरमध्ये." रबरी नळी आतून फुगली की तेलाला जाऊ देते, परतू देत नाही. पण चाक मोकळे झाले नाही. म्हणजे दोष कॅलिपरमध्येच होता. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांतली एक सहज निघाली. दुसरीला हातोडी दाखवावी लागली. पिस्टनवरही गंज होता. पिना घासून त्यांना ब्रेकचे खास ग्रीस लावले, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. पिस्टन व कडी नवी, तेल ताजे, आणि पॅड मात्र दोन्ही बाजूंचे. "एकच बाजू नवी केली तर गाडी पुन्हा खेचणार."

या दुरुस्तीत एकही भाग तुटलेला सापडला नाही, याचे मला नवल वाटले. सर्व भाग आपापल्या जागी, निष्ठेने, हलायचे तेवढे विसरलेले! वात्सल्याची गोष्ट काही निराळी नसते. लहानपणी मुलाचे बोट धरावे लागते, त्याविषयी वाद नाही. परंतु त्या धरण्यातही केसभर मागे सरण्याची सवय रोज राखावी लागते. ती एकदम हवी म्हणून मिळत नाही.

"बाबा, पोचल्यावर फोन करीन; घाटात करणार नाही," असे मुलीने निघताना बजावले. घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा, एवढेच मी सांगितले. हल्ली ती चिपळूणला पोचली की आधी दोन्ही पुढच्या चाकांजवळ, स्पर्श न करता, हात नेऊन ऊब सारखी आहे ना हे पाहते, आणि मग मला फोन करते. हा क्रम मला मान्य आहे.